कसाव्याचे चार वाण, चार खतमात्रा: प्रबंधाच्या प्रयोगाचा अनुभव

प्रबंधाची तोंडी परीक्षा गेल्या आठवड्यात झाली. कसाव्यावर, म्हणजे टॅपिओकावर, वाण आणि खत असा प्रयोग मला करायचा होता, तेव्हा मराठीत सलग लिहिलेलं काहीच हाताला लागलं नव्हतं. शोधनिबंध भरपूर आहेत, पण त्यांत प्रयोगाची पद्धत दोन परिच्छेदांत उरकलेली असते. बेणं कसं मिळवलं, कुठल्या कागदावर कुणाची सही लागली, कोणत्या महिन्यात पोटात गोळा आला, हे कुणी लिहीत नाही. पुढच्या वर्षी कुणी याच वाटेने जाणार असेल तर त्याच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे.

विषय ठरला जानेवारीत. मार्गदर्शक मॅडमनी दोन पर्याय दिले होते. एक, नुसती वाणांची तुलना. दुसरा, एकाच वाणावर वेगवेगळ्या खतमात्रा. दोन्ही सुटसुटीत होते. मी वाचायला बसले आणि केरळ कृषी विद्यापीठाच्या शिफारशीपाशी थांबले. तिथे कसाव्याला सरसकट एक खतमात्रा दिलेलीच नाही. एम-४ आणि स्थानिक वाणांना हेक्टरी ५०:५०:५० किलो नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम). एच-९७ आणि एच-२२६ यांना ७५:७५:७५. एच-१६५, श्री विशाखम आणि श्री सह्या यांना १००:१००:१००. म्हणजे कसाव्याला खत किती द्यायचं, हे वाण कोणता ते विचारल्याशिवाय सांगताच येत नाही. मग दोन वेगळे प्रयोग करून काय उपयोग? मला दोन्ही एकत्र हवं होतं. मॅडम म्हणाल्या, "काम चौपट होईल, आणि पीक दहा महिन्यांचं आहे. तारखांचा हिशेब आधी मांड, मग ये."

तो हिशेब मी मांडला आणि त्यातच पहिली अडचण दिसली. उशिरा येणारे वाण जूनमध्ये लावले तर एप्रिलमध्ये निघणार, आणि प्रबंध सादर करायची मुदत जूनमध्ये. मधल्या वेळात स्टार्चचं पृथक्करण, मातीचे नमुने, संख्याशास्त्र आणि लेखन. हे बसत नव्हतं. मुदतवाढ लागणार हे पहिल्याच महिन्यात कळलं ते बरंच झालं. कसाव्यावर काम करणाऱ्यांनी मुदतवाढीचे नियम आराखडा लिहायच्या आधी वाचावेत. आमच्याकडे अर्ज मुदत संपायच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो आणि त्यासोबत पिकाच्या कालावधीचा दाखला मार्गदर्शकांच्या सहीने जोडावा लागतो.

आराखड्याच्या बैठकीत चार वाण मान्य झाले: सहा-सात महिन्यांत येणारा एक, दहा महिन्यांचा भरघोस उत्पन्नाचा एक, फांद्या न फुटता सरळ वाढणारा एक आणि एक स्थानिक. त्यांची नावं इथे मुद्दाम देत नाही. एका हंगामाच्या, एका जमिनीतल्या निकालावरून कुठल्याही वाणाची भलामण किंवा बदनामी होऊ नये. खतांचे मी चार स्तर सुचवले होते: काहीच नाही, नुसतं शेणखत, शेणखत आणि अर्धी मात्रा, शेणखत आणि पूर्ण मात्रा. पूर्ण मात्रा म्हणजे श्रीकार्यमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेची सर्वसाधारण शिफारस: हेक्टरी १२.५ टन शेणखत आणि १००:५०:१०० किलो नत्र, स्फुरद, पालाश.

समितीतल्या मृदाशास्त्राच्या सरांनी अर्ध्या मात्रेवर बोट ठेवलं. "अर्धी मात्रा दिली की उत्पन्न मधलं येईल, हे आत्ताच सांगतो. त्याऐवजी नत्र, स्फुरद पूर्ण द्या आणि पालाश काढून टाका. मग जमीन बोलेल." त्यांनी मला कोलंबियातल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राचे मृदाशास्त्रज्ञ राइनहार्ट हॉवेलर यांची कामं वाचायला लावली. त्यांचं सार असं: कसाव्याला स्फुरद तुलनेने कमी पुरतं, कारण त्याच्या मुळांवर मायकोरायझा बुरशी वाढते आणि ती मातीतला दूरचा स्फुरद मुळांपर्यंत आणते. पालाशाची गोष्ट वेगळी. तो कंदांबरोबर शेताबाहेर जातो. नत्राचा बराच भाग पानांत असतो आणि गळलेल्या पानांमधून काही अंशी जमिनीत परत येतो, पण कंदातला पालाश कायमचा गेला. म्हणून त्याच जमिनीत वर्षानुवर्षं कसावा घेतला की सगळ्यात आधी पालाश तुटतो.

अर्ध्या मात्रेचा स्तर बदलला, त्याजागी शेणखत, नत्र, स्फुरद पूर्ण आणि पालाश वगळलेला असा स्तर आला. या एका बदलामुळे माझ्या प्रबंधात सांगण्यासारखं काही आलं, हे आज सरांच्या ऋणाने लिहिते.

चार वाण, चार खतस्तर, तीन पुनरावृत्त्या, असे ४८ वाफे. रचना स्प्लिट प्लॉट. मोठ्या वाफ्यात वाण, छोट्या वाफ्यात खत. कोणता घटक छोट्या वाफ्यात ठेवायचा यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. ज्या घटकातला बारीक फरकही पकडायचा आहे तो छोट्या वाफ्यात ठेवतात, कारण तिथल्या त्रुटीला जास्त मुक्तांश (तिचा अंदाज ज्यावर टेकतो त्या स्वतंत्र तुलनांची संख्या) मिळतात. आमच्या रचनेत मोठ्या वाफ्याच्या त्रुटीला ६ आणि छोट्या वाफ्याच्या त्रुटीला २४. तोंडी परीक्षेत हा प्रश्न आलाच, तेव्हा तो आधीच पाठ करून ठेवा.

फेब्रुवारीत जागेसाठी अर्ज केला. प्रक्षेत्राच्या अधिकाऱ्यांना तीनच गोष्टी हव्या होत्या: मंजूर आराखड्याची प्रत, जागेचं एकूण क्षेत्र आणि जमीन मोकळी होण्याची तारीख. तिसरी ऐकून ते थबकले. "एप्रिलपर्यंत जागा अडकणार? रब्बीला मला ती लागते." शेवटी विभागप्रमुखांच्या पत्रानंतर एका कडेचा तुकडा मिळाला. त्यावर दोन वर्षं काही मोठं पीक नव्हतं आणि उतार एकाच दिशेला होता. उतार असेल तर पुनरावृत्त्या उताराला आडव्या पट्ट्यांत आखाव्यात, म्हणजे प्रत्येक पट्ट्यातली जमीन साधारण सारखी राहते.

मातीचे नमुने मार्चमध्ये घेतले. नागमोडी चालत, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून, वरचा थर खरवडायचा. बांध, झाडाची सावली आणि जुन्या उकिरड्याची जागा टाळायची. सगळी माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. प्रयोगशाळेचा फॉर्म भरताना एक गोष्ट विचारून घ्या. आमची जमीन आम्लधर्मी होती आणि आम्ल जमिनीत उपलब्ध स्फुरद ब्रे पद्धतीने काढतात. सगळीकडे ठरलेली ओल्सेन पद्धत वापरली तर आकडा दिशाभूल करू शकतो. मी फॉर्मवर वरच्या बाजूला लाल शाईने 'ब्रे क्रमांक १' लिहिलं आणि टेबलावरच्या ताईंना तोंडीही सांगितलं. अहवालाला जवळपास महिना लागला. नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश कमी. हेक्टरी ११० किलोच्या खाली उपलब्ध पालाश असला की तो 'कमी' गटात धरतात. अहवाल हातात आला तेव्हा पालाश वगळलेल्या वाफ्यांत काहीतरी घडणार याची जवळजवळ खात्री झाली, आणि खरं सांगायचं तर दहा महिने थांबायचं बळ तिथून मिळालं.

सगळ्यात जास्त दमवलं ते बेण्याने. कसाव्याचं बी पेरत नाहीत, खोडाच्या कांड्या लावतात. दर वाफ्यात ३६ झाडं, एका वाणाचे १२ वाफे, म्हणजे प्रत्येक वाणाच्या ४३२ कांड्या, वर नांग्या, म्हणजे न फुटलेल्या जागा, भरायला दहा टक्के. हे खोड एका जागी, एकाच वयाचं आणि निरोगी मिळायला हवं. पहिल्या ठिकाणाहून उत्तर यायलाच फार वेळ गेला आणि शेवटी 'या हंगामात शिल्लक नाही' असं कळलं. दुसऱ्या ठिकाणी खोडं होती, पण उभ्या पिकावर मोझॅक होता. पानं पिवळी-हिरवी चितकबरी, पातं एका बाजूला वाकडं. हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते आणि बेण्यातूनही येतो. रोगट कांडी लावली की पहिल्याच पानापासून लक्षणं दिसतात आणि त्या झाडाला कितीही खत घातलं तरी आपण मोजतो तो रोग, वाण नव्हे. तिथून रिकाम्या हाताने परतताना खूप निराश झाले होते. एप्रिल संपत आला होता.

मे महिन्यात मॅडमच्या ओळखीतल्या दुसऱ्या संशोधन केंद्रातून चारही वाण मिळाले. त्यासाठी विभागप्रमुखांचं मागणीपत्र, आराखड्याची प्रत आणि खोडं फक्त संशोधनासाठी वापरू असं हमीपत्र लागलं. प्रत्येक वाणाची मोळी वेगळी बांधून, दोन्ही टोकांना पत्र्याचे बिल्ले लावले. कागदी चिठ्ठ्या ओलीत विरघळतात आणि पानं झडलेली चार वाणांची खोडं एकमेकांत मिसळली की ओळखणं महाकठीण. लागवडीपर्यंत खोडं सावलीत, उभी, शेंडा वर करून ठेवली.

कांड्या करताना शेंड्याकडचा कोवळा भाग आणि बुंध्याचा फार जून भाग टाकून दिला. मधल्या भागाच्या १५ ते २० सेंटिमीटरच्या कांड्या, कापलेली कड सरळ. शेतावरच्या मावशींनी एक छान खूण शिकवली: कापल्यावर क्षणात पांढरा चीक येतो ती कांडी जिवंत, उशिरा किंवा थोडा येतो ती बाजूला टाका. त्यामुळे नांग्या फार कमी पडल्या.

खतांचा हिशेब इथे सविस्तर देते, कारण रात्री उशिरापर्यंत जागून तो पुन्हा पुन्हा तपासला होता. ९० बाय ९० सेंटिमीटर अंतर, सहा ओळी, ओळीत सहा झाडं. वाफा ५.४ बाय ५.४ मीटर, म्हणजे २९.१६ चौरस मीटर. हेक्टरी १०० किलो नत्र म्हणजे २१७ किलो युरिया, कारण युरियात ४६ टक्के नत्र. वाफ्याला ६३४ ग्रॅम. ५० किलो स्फुरद म्हणजे ३१२.५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, वाफ्याला ९११ ग्रॅम. १०० किलो पालाश म्हणजे १६७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश, वाफ्याला ४८६ ग्रॅम. शेणखत वाफ्याला साधारण साडेछत्तीस किलो. लागवडीच्या वेळी सगळा स्फुरद, अर्धं नत्र आणि अर्धा पालाश. उरलेलं अर्धं दीड-दोन महिन्यांनी, खुरपणी करून भर देताना. प्रत्येक वाफ्याची पुडी आदल्या दिवशी तोलून, वाफ्याचा क्रमांक लिहून तयार ठेवली. शेतात तोलत बसायला वेळ नसतो आणि वाऱ्यात तराजूही स्थिर राहत नाही. भांडाराकडून खत मिळायला मागणीपत्रावर तीन सह्या लागतात आणि त्यांतली एक व्यक्ती हमखास रजेवर असते, त्यामुळे मागणी महिनाभर आधी घाला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिला चांगला पाऊस झाल्यावर लागवड केली. डोळे वर ठेवून कांडी उभी, पाच सेंटिमीटर जमिनीत. उलटी लागली तर फुटायला उशीर होतो. आठवडा-दीड आठवड्यात कोंब दिसू लागले. महिन्याभराने प्रत्येक झाडावर समोरासमोरचे दोन जोमदार कोंब ठेवून बाकीचे मोडले. हे सगळ्या वाफ्यांत एकाच दिवशी व्हायला हवं.

पहिले तीन महिने खुरपणीचे. कसाव्याचं छत्र उशिरा मिटतं, तोवर तण मोकाट वाढतं. माझ्या सगळ्या खर्चात मजुरीचा वाटा मोठा आणि मजुरीत खुरपणीचा सगळ्यात मोठा. एक अडचण वाचताना कुठे भेटली नव्हती. खत दिलेल्या वाफ्यांत तण जास्त माजतं आणि बिनखताच्या वाफ्यात कमी. मजूर साहजिकच जिथे तण दिसेल तिथेच थांबतात. मग बिनखताच्या वाफ्यांना कमी खुरपणी मिळते आणि तुलना बिघडते. म्हणून गरज दिसो वा न दिसो, सगळ्या ४८ वाफ्यांची खुरपणी एकाच फेरीत करून घेतली. एका दादांनी विचारलं, "ताई, इथं काढायला काही नाही, तरी खुरपं चालवायचं?" प्रयोग काय आहे ते त्यांना समजावून सांगितलं, तेव्हापासून वाफ्यांच्या खुणांची राखण तेच करू लागले.

ऑक्टोबरचं शेत आठवलं की अजूनही मन भरून येतं. चौथा महिना संपत आला होता. समितीची पाहणी ठरली होती. बिनखताचे वाफे फिकट, बुटके. शेणखताचे जरा बरे. आणि पालाश वगळलेले वाफे बघून सगळे खूश. उंच, गर्द हिरवे, नत्र-स्फुरद मिळाल्याने पानांनी भरलेले. पूर्ण मात्रेच्या वाफ्यांत आणि त्यांच्यात दुरून फरकच कळत नव्हता. पाहणीला आलेले एक प्राध्यापक म्हणालेसुद्धा, "मग पालाश कशाला घालायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मृदाशास्त्राचे सर मात्र एका झाडापाशी वाकले, खालची जुनी पानं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "वर नका बघू, खाली बघा." जुन्या पानांच्या कडा किंचित पिवळ्या पडायला लागल्या होत्या, तेही सगळ्या झाडांवर नाही. कसाव्यात पालाशाची कमतरता फार वेळा पानांवर दिसतच नाही, झाड फक्त थोडं लहान राहतं. ज्याला शेजारी तुलनेला वाफा नाही त्या शेतकऱ्याला ती कळणार कशी, हा विचार तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही.

लवकर येणारा वाण जानेवारीत निघाला. इथे समितीत आधीच एक वाद होऊन गेला होता: सगळे वाण एकाच दिवशी काढायचे की ज्याचे त्याच्या पक्वतेला? एकाच दिवशी काढले तर लवकरच्या किंवा उशिराच्या वाणावर अन्याय. वेगवेगळ्या वेळी काढले तर जास्त दिवस जमिनीत राहिलेल्याला जास्त ऊन, जास्त पाऊस. आम्ही पक्वतेनुसार काढले आणि हेक्टरी उत्पन्नाबरोबर हेक्टरी दर दिवसाचं उत्पन्नही मांडलं. लवकरचा वाण पहिल्या तक्त्यात मागे दिसतो आणि दुसऱ्यात पुढे येतो. दोन्ही तक्ते द्यावेत असं मला ठामपणे वाटतं. जमीन लवकर मोकळी होण्याला किंमत असते.

लवकरच्या वाणाचे वाफे रिकामे झाले की शेजारच्या वाफ्यांच्या कडेच्या झाडांना अचानक जास्त उजेड मिळतो. म्हणून कडेची ओळ मोजणीतून वगळायची, आतली १६ झाडंच धरायची. ३६ झाडांचा वाफा घेतला तो यासाठीच.

काढणीच्या दिवसाची तयारी आदल्या आठवड्यात करावी लागते. जमीन कडक असेल तर हलकं पाणी द्या, नाहीतर कंदाची टोकं आत तुटून राहतात आणि वजन कमी भरतं. खोड बुडखा ठेवून छाटायचं, बुडखा धरून हलवत उपटायचं, मग आजूबाजूला कुदळीने तपासायचं. कंद, खोड आणि पानं वेगळी तोलायची, म्हणजे एकूण वजनातला कंदांचा वाटा काढता येतो. वजन त्याच दिवशी. कसाव्याचा कंद दोन-तीन दिवसांत आतून निळसर-काळ्या रेषा धरून खराब व्हायला लागतो, त्यामुळे प्रयोगशाळेची वेळ आधी पक्की केल्याशिवाय एकही झाड उपटू नका.

शुष्क पदार्थ, म्हणजे कंदातलं पाणी वगळून उरणारा भाग, काढायची एक सोपी रीत आहे, ती शेतावरही जमते. तीन किलो स्वच्छ धुतलेले कंद हवेत तोलायचे, मग जाळीत ठेवून पाण्यात बुडवून तोलायचे. हवेतल्या वजनाला दोन वजनांच्या फरकाने भागलं की विशिष्ट गुरुत्व मिळतं. त्याला १५८.३ ने गुणून १४२ वजा केले की शुष्क पदार्थाची टक्केवारी. उदाहरणार्थ पाण्यातलं वजन ३०० ग्रॅम आलं तर ३००० भागिले २७००, म्हणजे १.१११, आणि उत्तर जवळपास ३४ टक्के.

बाकीचे तीन वाण एप्रिलमध्ये काढले. पालाश वगळलेल्या पहिल्या वाफ्यात बुडखा हातात आला तेव्हा दादाही गप्प झाले. वर एवढा पसारा आणि खाली मोजके, बारीक कंद. शेजारच्या पूर्ण मात्रेच्या वाफ्यात जाड, भरलेले. पानांत तयार झालेली साखर कंदापर्यंत पोचवायला पालाश लागतो हे पाठ्यपुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी ते हाताने तोललं. शुष्क पदार्थही त्या वाफ्यांत कमी भरला.

पण ही घसरण चारही वाणांत सारखी नव्हती. भरघोस उत्पन्नाचा वाण पूर्ण मात्रेला सगळ्यांच्या पुढे होता, आणि पालाश काढताच त्याचीच घसरण सगळ्यात मोठी. स्थानिक वाण पूर्ण मात्रेला फारसा वाढला नाही. त्याने जास्तीचं नत्र खोडापानांत घातलं आणि कंदांचा वाटा उलट कमी झाला. बिनखताच्या वाफ्यांत मात्र तो कुणाच्याही मागे नव्हता. तिथे भरघोस वाणाला त्याच्यापेक्षा वरचढ म्हणता येईल असा फरकच आला नाही. ज्याच्या जमिनीत पालाश कमी आहे आणि खताला पैसे नाहीत, त्याला फक्त सुधारित वाणाची मोळी देणं ही मदत नव्हे, हे मी प्रबंधात स्पष्ट लिहिलं आहे.

विश्लेषणात वाण आणि खत यांची आंतरक्रिया, म्हणजे खताचा परिणाम वाणागणिक वेगळा असणं, पाच टक्के पातळीला लक्षणीय आली. ती आली की वाणांची सरसकट सरासरी आणि खतांची सरसकट सरासरी घेऊन शिफारस लिहू नये. प्रत्येक जोडी वेगळी बघावी. स्प्लिट प्लॉटमध्ये एकाच खतस्तरावर दोन वाणांची तुलना करायची तर प्रमाण त्रुटीचं सूत्र वेगळं असतं, त्यात दोन्ही त्रुटी एकत्र येतात. तयार प्रणाली ते आपोआप देईलच असं नाही. संख्याशास्त्राच्या मॅडमकडे तक्ते घेऊन बसा आणि प्रत्येक क्रांतिक फरक (दोन सरासऱ्या खरोखर वेगळ्या म्हणायला लागणारा किमान फरक) कोणत्या तुलनेसाठी आहे ते शेजारी लिहून घ्या.

मुदतवाढ मे महिन्यात मंजूर झाली. अर्ज मार्चमध्येच दिला होता, तरी मधले दिवस धाकधुकीत गेले. हवामानाची आकडेवारी वेधशाळेच्या विभागातून मागवायला वेगळा अर्ज लागतो. तो लागवडीनंतर लगेच द्या, सगळ्यांनाच ती शेवटच्या महिन्यात हवी असते. वाङ्मयचौर्य तपासणीत 'साहित्य आणि पद्धती' हा भाग सगळ्यात जास्त जुळतो, कारण पृथक्करणाच्या पद्धती सगळे त्याच शब्दांत लिहितात. त्या स्वतःच्या वाक्यांत लिहायला वेळ राखून ठेवा.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न ऑक्टोबरच्या छायाचित्रावरच विचारला: "हा वाफा एवढा हिरवा, मग तुम्ही याला नापास कसं केलंत?" मी काढणीचं छायाचित्र पुढे केलं. त्यावर बराच वेळ बोलणं झालं. नंतर त्यांनी काढणीनंतरच्या मातीचे आकडे मागितले. ते होते, कारण सरांनी एप्रिलमध्ये प्रत्येक वाफ्यातून पुन्हा नमुने घ्यायला लावले होते. पालाश न दिलेल्या वाफ्यांत उपलब्ध पालाश सुरुवातीपेक्षा आणखी खाली गेला होता. हे नमुने त्या वेळी कंटाळवाणं काम वाटतं, तरी घ्याच.

परीक्षकांनी शेवटी विचारलेली गोष्ट मी लगेच अमलात आणली आहे आणि तुम्ही काढणीच्याच दिवशी करा. शेतावर पुढच्या हंगामासाठी खोडं ठेवायची होती. त्यांनी विचारलं, खोडांच्या मोळ्यांवर फक्त वाण लिहिलाय की खतस्तरही? उपाशी झाडाच्या खोडात अन्नसाठा कमी असतो, त्या कांड्यांची उगवण आणि पुढचं उत्पन्न दोन्ही खालावतं, हे कोलंबियातल्या प्रयोगांत दिसलेलं आहे. माझ्या मोळ्यांवर वाफ्याचे क्रमांक होते, त्यावरून खतस्तर शोधून दुसरा बिल्ला लावला. बेण्यासाठी पूर्ण मात्रेच्या वाफ्यातली खोडं वेगळी काढली. बिनखताच्या आणि पालाश वगळलेल्या वाफ्यांतली खोडं बारीक तोडून, पानांसकट त्याच वाफ्यांत गाडायला दादांना सांगितलं आहे. मोझॅकची लक्षणं दिसलेली झाडं आधीच उपटून जाळली होती. उरलेल्या मोळ्या सावलीत, शेंडा वर करून उभ्या आहेत. ज्यांना संशोधनासाठी हवी असतील त्यांनी विभागप्रमुखांच्या नावे मागणीपत्र आणि मंजूर आराखड्याची प्रत घेऊन प्रक्षेत्रावर भेटावं.